पान एकशे शहाऐंशी

प्रिय कुबान,

हो, तुझंच नाव लिहिलंय. डोळे चोळून पुन्हा वाचू नकोस. चौतीस वर्षांत हे नाव मी तोंडाने एकदाही घेतलेलं नाही. सुनेने सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात, धाकट्या दिराचंसुद्धा नाही, म्हणून तुला मी 'लहान मिर्झा' म्हणत आले. तुझं लग्न झालं, तुला मुलगी झाली, कपाळावरचे केस मागे सरकायला लागले, तरी माझ्या तोंडी आपला लहान मिर्झाच. आज नाव लिहिलं तर आभाळ काही कोसळलं नाही. मग इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते कोण जाणे!

आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फिरलेलं आहे. शनिवारी फिरलंय, आज मंगळवार आला तरी ठिकाणावर यायचं नाव नाही. सकाळी एक बाई मांजराच्या चित्राची वही मागायला आली तर तिच्यावर खेकसले, बिचारी न घेताच गेली. तेव्हा पत्रात कुठे वाकडं लिहिलं गेलं तर सांभाळून घे. हे फोनवर बोलता आलं असतं तर बोलले असते. पण फोनवर आपण दोघं कधी बोललोय का? थंडी किती, बटाटे कसे निघाले, माझे गुडघे काय म्हणतात, संपलं. आवाज भरून पाठवावा तर तुझ्या खोलीतले आणखी तिघे कान लावून बसणार. म्हणून कागद. ओम्स्कला सफरचंदं घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे देतेय, शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात पडेल.

भांडण एका ओळीचं आहे. तुझ्या मास्तरांच्या, शेर्गाझी आगायच्या, नव्या पुस्तकात, पान एकशे शहाऐंशीवर, तू कुणाचा मुलगा ते छापलंय. आणि खरं छापलंय. सगळं कुळ म्हणतंय, ती ओळ झाका. आणि झाकायची कुणी? मी!

आता नीट पहिल्यापासून सांगते. दुकान तुला आठवतं ना, की ओम्स्कच्या काचेच्या दुकानांनी विसरायला लावलं? काराकोलच्या बाजाराच्या मागे, निळ्या खिडक्यांचं. सरकारी पुस्तकभांडार होतं तेव्हापासून मी तिथे उभी आहे. सरकार गेलं, भांडार मोडीत निघालं, तिथे बियरचा गुत्ता निघणार होता, तेव्हा मी आणि जोल्दोशने, आम्ही नवराबायकोने, दोन्ही गायी विकून ते घेतलं. खिडकीजवळचं सगळ्यांत चांगलं फडताळ मी आपल्या भागातल्या पुस्तकांना दिलंय. सरोवराच्या दक्षिणकाठच्या जर्दाळूंवरचं, घोड्यांच्या आजारांवरचं, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींचं. कवितांची तर इतकी की विचारू नकोस, आपल्याकडे गावागणिक दोन कवी आणि एक वाचक, तोही तिसऱ्या कवीचा मेहुणा. लोक येतात, परीक्षेची पुस्तकं घेतात, त्या फडताळाकडे बघून विचारतात, ही कोण घेतं? मी म्हणते, तुम्ही घेत नाही म्हणून तर शिल्लक आहेत.

आणि आपले ते पुस्तकांचे सोहळे! मला ते आवडतात रे, खोटं बोलत नाही. नव्या सुनेचं तोंड बघतात तसं नव्या पुस्तकाचं तोंड बघायचं. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवायचं, वयाने मोठ्या बाईने कापड उचलायचं, लेखकाच्या अंगात झगा आणि डोक्यावर नवा लोकरी कल्पाक घालायचा, कुणी कोमुझच्या तारा छेडायच्या. इथवर छान. मग सरकारी साहेब बोलायला उठतात. मागे एका पक्ष्यांच्या पुस्तकाला आमचे एक साहेब पाऊण तास नव्या डांबरी रस्त्यावर बोलले, हातात पुस्तक उलटं धरून. आणि मग फुकट प्रतींची झुंबड! लेखक आपलाच माणूस, त्याच्याकडून विकत घेणं म्हणजे त्याचा अपमान, असं वर तोंड करून सांगतात. मेजवानीतलं मटण बांधून न्यावं तशी प्रत नेतात आणि टीव्हीच्या खाली सारतात, टीव्ही डुगडुगू नये म्हणून. तरी मी सोहळे करते. साठ माणसांतलं एखादं तरी उघडून वाचेल, या आशेवर.

आगायचं पुस्तक मात्र टीव्हीखाली सारण्यातलं नव्हतं. तुला भूगोल शिकवणारे, नकाशावर आपलं खोरं सापडलं नाही म्हणून तुला फळ्याशी उभं करणारे तेच शेर्गाझी आगाय. अकरा वर्षं त्यांनी सारी-तोर खोऱ्यातली नऊ गावं पायी, घोड्यावर आणि पुतण्याच्या खटारा गाडीतून पालथी घातली. प्रत्येक झऱ्याचं नाव, प्रत्येक कुरणाचं नाव, प्रत्येक घराची वंशावळ. आणि आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं. आपल्या वंशावळीत बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, नुसते बापच बाप. बायका जणू सरोवरातून वर आल्या आणि परत बुडाल्या. आपले पुरुष सात पिढ्यांचे बाप घडाघडा म्हणून दाखवतील, पण आजीचं नाव विचार, डोकं खाजवत बसतील. आगायनी प्रत्येक घरात आयांची नावं विचारली आणि लिहिली. सोहळा तुझ्याच दुकानात करायचा, असं ते म्हणाले तेव्हा मला इतका आनंद झाला की दोन दिवस मी फडताळंच पुसत होते.

शुक्रवारी छापखान्यातून खोकी आली. आगाय खोकी ठेवून नव्या कल्पाकच्या मापासाठी शिंप्याकडे गेले आणि मी एक प्रत उघडली. आधी आपलं नाव शोधलं, सगळेच शोधतात. पान एकशे शहाऐंशी. 'ओस्मोन आणि सालिका यांचा मुलगा जोल्दोश. जोल्दोश आणि उमसुनाय यांची मुलं: कुबान, ऐझाना, नुरिला.' एवढंच. खाली टीप नाही, कंस नाही, जणू कधी काही लपवलंच नव्हतं. तुझ्या बहिणींच्या आधी तू. पहिला. मी मटकन खोक्यावर बसले, खोकं दबलं, आतल्या प्रतींचे कोपरे दुमडले, तरी उठले नाही. त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले.

तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, आणि गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. पण बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! आज मीच उघडते. तू चाळीस दिवसांचा झालास तेव्हा सासूबाईंनी, सालिका एनेनी, तुला चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घातलं, पाळण्यात बांधलं आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "हा आमचा. सूनबाई तरुण आहे, तिला आणखी होतील." झालं. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, अशी रीत. मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही, कारण असं काही विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. एकवीस वर्षांची होते. चार महिने तुला मी पाजलं. बाहेरचं कुणी आलं की एने तुला माझ्याकडून उचलायच्या आणि मी सदऱ्याची बटणं लावून चहा ठेवायला जायची. मग जोल्दोशला शहरात काम लागलं, आम्ही इकडे आलो, तू गावी राहिलास. दुकानात उभी असताना दूध येऊन सदरा भिजायचा. वरून जाड कोट चढवून मी गणिताची पुस्तकं विकायची, तेही भर जुलैत. लोक विचारायचे, थंडी वाजते का? मी म्हणायची, हो.

तू दीड वर्षाचा असताना मी गावी आले तर एनेंच्या मागे लपलास. एने म्हणाल्या, "भिऊ नको रे, तुझी जेने आलीय." जेने! वहिनी! आणि मी काय केलं? पिशवीतून लाकडी घोडा काढला आणि वहिनीसारखी हसले. एने वाईट होत्या असं म्हटलं की काम सोपं होतं, पण तसं म्हणता येत नाही. स्वतः कोरडी भाकरी खाऊन साय तुला घालायच्या. तुला ताप आला की रात्ररात्र मांडीवर घ्यायच्या. त्यांनी तुला नीट वाढवलं म्हणूनच मला भांडायला जागा उरली नाही, आणि हा राग मी चौतीस वर्षं कुठे ठेवायचा ते मला कुणी सांगितलं नाही.

जोल्दोश गेला तो दिवस तर मी कुणालाच कधी माफ करणार नाही. पुरुष तंबूबाहेर काठीवर ओणवून आक्रोश करत होते, मुलगा असेल तर बापाच्या नावाने, भाऊ असेल तर भावाच्या. मी आत, भिंतीकडे तोंड करून. बाहेरून तुझा आवाज आला, "दादा रे माझ्या! दादा!" स्वतःच्या बापासाठी तू दादा दादा म्हणून रडत होतास आणि आत बसलेल्या वीस बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. मीसुद्धा नाही. सगळ्यांना वाटलं, बाई नवऱ्यासाठी रडतेय. निम्मं रडणं त्याच्यासाठी होतं.

तर शनिवार. अकरा वाजता साठेक माणसं आली. कणकेचे बोरसोक तळून ठेवले होते, चहा उकळत होता. कापड उचललं, टाळ्या झाल्या, आणि मग सगळ्यांनी काय केलं असेल? जो तो आपलं नाव शोधायला लागला! साठ माणसं, साठ बोटं, पानं उलटतायत. "अरे, त्यांच्या घराला सहा ओळी आणि आमच्या घराला चारच?" "माझ्या आजोबांकडे घोडे होते ते कुठंय?" एकीने तर विचारलं, फोटोत माझी जाऊ माझ्यापेक्षा उजळ कशी? आगाय नव्या कल्पाकमध्ये घामाघूम. मी बोरसोकचं तबक घेऊन फिरत होते आणि तुर्दाकुन आबांच्या बोटाकडे बघत होते. माझे सासरे ओस्मोन, त्यांचे हे धाकटे भाऊ, ऐंशी वर्षांचे, कधीकाळी सामूहिक शेताचे अध्यक्ष, आणि अजूनही जगातल्या सगळ्यांनी आपल्या हाताखाली बीट उपटावेत असं वाटणारे. बोट एकशे शहाऐंशीवर आलं. थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि काठी आपटली.

"मास्तर! हे काय लिहिलंयस? कुबान जोल्दोशचा? माझ्या भावाचा मुलगा त्याच्या घरातून उचलून दुसऱ्या ओळीत टाकलास? सालिका वहिनीला मातीत जाऊन वर्ष झालं नाही, तिला खोटी पाडतोस?" आगाय म्हणाले, "आबा, मला सांगितलं गेलं ते लिहिलं." "कुणी सांगितलं? कुठल्या रिकामटेकड्याने?" आगायनी नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जन्म देणारी इथेच उभी आहे. तिलाच विचारा की."

साठ माना वळल्या. साहेबांचीसुद्धा. पुढे एकच गोंधळ झाला आणि शेवटी ठरलं की छपाईची चूक आहे. आगायनी कल्पाक काढून टेबलावर ठेवला आणि कोटही न घेता निघून गेले. अकरा वर्षांच्या कामाचा सोहळा, आणि लेखक बाहेर, पाहुणे आत बोरसोक खातायत! एकालाही लाज वाटली नाही. साहेबांनी तर जाताना तीन प्रती उचलल्या.

दुपारी दोन वाजता तुर्दाकुन आबा परत आले, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेल्या, प्रत्येक चिठ्ठी दोन बोटं रुंद. 'ओस्मोन आणि सालिका यांची मुलं: जोल्दोश, कुबान.' गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "सूनबाई, डिंक तुझ्याकडे असेलच. सोमवारपर्यंत चिकटवून टाक. कुणाला कळायचंदेखील नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं दुकान, माझा डिंक, माझा मुलगा, आणि त्याच्यावर कागद मीच चिकटवायचा! तोंडाने मात्र काय म्हटलं असेल? "बरं, आबा." आणि चिकटवल्या. हो, चिकटवल्या. दुपारभर बसून एकशे बारा प्रती केल्या, इतक्या सरळ आणि इतक्या व्यवस्थित की माझं मलाच नवल वाटलं. आज्ञाधारक सून म्हणजे काय हे कुणाला बघायचं असेल तर त्या एकशे बारा प्रती बघाव्यात.

रविवारी सकाळी आगाय आले. कोट न्यायला आले असतील असं मला वाटलं. त्यांनी चिकटवलेल्या प्रतींची चळत बघितली, स्टुलावर बसले आणि खिशातून आपली तपकिरी वही काढली. दोन हिवाळ्यांपूर्वीची. म्हणाले, "त्या दिवशी मला एनेनी स्वतः बोलावून घेतलं होतं. त्या बोलल्या तसं उतरवून घेतलं, ऐक." आणि वाचायला लागले. मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते आता माझ्या डोक्यातून जात नाही. "मास्तर, तू आयांची नावं लिहितोयस म्हणे. मग कुबानच्या घरात माझं लिहू नकोस. मी त्याला वाढवलं, जन्माला घातलं नाही. त्या पोरीकडून मी त्याला घेतला तेव्हा तिने हूं का चूं केलं नाही, आणि मला वाटलं, हिला काही वाटतच नाही. पुढे मला कळलं. कळूनही मी दिला नाही, कारण माझा जीव त्याच्यात अडकला होता. मी जिवंत असताना छापू नकोस, माझ्याच्याने ऐकवणार नाही. मेल्यावर छाप. आणि एक कर, तिला चारचौघांत विचारू नकोस. ती नाहीच म्हणेल. मीच तिला तशी घडवलीय."

कुबान, त्या म्हाताऱ्या बाईला माझ्याबद्दल माझ्याहून जास्त ठाऊक होतं. आणि त्या मास्तरने नेमकं तेच केलं जे करू नकोस म्हणून सांगितलं होतं! मी आगायवर तोंड सोडलं. तुम्हाला अक्कल आहे का, म्हटलं, वर्ग आहे का तो? ते मान खाली घालून म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना उभं करून उत्तर विचारलं. वाटलं, तुला उत्तर येतंय, फक्त कुणी विचारत नाही. एकदा सगळ्यांसमोर बोललीस की सुटशील." रडत होते रे बिचारे. मी त्यांना चहा दिला आणि पुन्हा ओरडले.

सोमवारी मी दुकान उघडलंच नाही. केटली ठेवली आणि वाफेवर एकेक चिठ्ठी काढली. काही सुटल्या, काहींबरोबर खालचा कागद निघून आला. कुठे तुझं नाव गेलं, कुठे माझं, तिथे मी पेनाने लिहून काढलं. तुर्दाकुन आबा तपासायला आलेच. बंद दारावर काठी वाजवून आत शिरले, ओल्या चिठ्ठ्यांचा ढीग बघून म्हणाले, "सूनबाई, डिंक संपला का?" मी म्हटलं, "डिंक पुष्कळ आहे, आबा. झाकायची हौस संपली." सासरच्या मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा उलटून बोलले, आणि केटली खाली ठेवली नाही. ते म्हणाले, आमचं कुळ तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. मी म्हटलं, "तुमच्या कुळाने तीस वर्षांत माझ्याकडून नेलेली पुस्तकं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आबा, आणि त्यातलं एक परत आलं." गेले पाय आपटत. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं म्हणतात तसं झालं बघ, एनेंची वही हाती आली आणि माझी जीभ सुटली. पण जिथे सुटायला हवी होती तिथे, शनिवारी, साठ माणसांत, ती सुटली नव्हती.

'शेवटी ठरलं की छपाईची चूक आहे' असं मी वर लिहिलं ना? कुणी ठरवलं ते लिहायचं मी टाळलं. चार पानं दुसऱ्यांच्या नावाने बोटं मोडली, आता पाचव्यावर पळायला जागा नाही. आबांनी ठरवलं नाही, साहेबांनी नाही. आबा म्हणाले, "बोल सूनबाई, खरं काय ते तूच सांग," आणि मी तबक हातात धरून म्हणाले, "छपाईची चूक असेल, आबा. लहान मिर्झा माझे दीर आहेत." आणि वर हसले. तुर्दाकुन आबांची सून पहिल्यापासून फोनवर चित्रण करत होती, आणि तिने ते त्याच संध्याकाळी कुळाच्या गटावर टाकलं. त्या गटात तू आहेस. तुझ्या नावापुढे खूण आहे, तू ते बघितलंयस. गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी तू फोन करतोस. रेल्वेच्या कारखान्यात जादा पाळी असली तरी, आजारी असलास तरी. या रविवारी फोन वाजला नाही. सोमवारी नाही, आज नाही. म्हणून हे पत्र. एनेनी तुला माझ्याकडून नेलं तेव्हा मी गप्प होते, तो त्यांचा दोष म्हणून मी चौतीस वर्षं चालवला. शनिवारी तुला कुणी नेलं नाही. शनिवारी तुला मी दिलं. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी मी दुकानात सगळ्यांना परत बोलावलंय, तुर्दाकुन आबांनासुद्धा. ते पान मीच उभी राहून वाचणार आहे, तू ये अथवा येऊ नकोस. आई म्हण असं मी म्हणत नाही. आई तुला होती, तिला तू गेल्या वसंतात आपल्या हातांनी माती दिलीस, तिची जागा मला नको. तुला जे म्हणायचं ते म्हण, जितक्या शिव्या घालायच्या तितक्या घाल, मी एकही खाली पडू देणार नाही. पण रविवारी फोन कर, कुबान.

तुला जन्म देणारी,
तुझीच उमसुनाय